सीपॅपचा एएचआय छान दिसतोय, तरी ग्राफ उघडून बघा

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडणाऱ्यांना मास्कमधून हवा देणारं मशीन. ते वापरणारे बरेच जण सकाळी उठल्यावर एकच आकडा बघतात, तो म्हणजे एएचआय, झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा कमी झाला त्याचा आकडा. पाचच्या खाली असला की दिवस चांगला आणि वर गेला की टेन्शन. मग कोणीतरी सांगतं प्रेशर वाढव, वाढवलं की मास्कच्या कडेने हवा निसटून लीक सुरू होतो, लीकमुळे झोपमोड होते, आणि महिन्याभरात मशीन कपाटात जाऊन बसतं. हे होऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण मशीन सगळं रेकॉर्ड करत असतं, फक्त ते वाचायचं कसं हे कोणी नीट बसून सांगत नाही. म्हणून हा लेख जरा लांबला तरी चालेल असं ठरवलंय.

आधी बेसिक. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काहींचा घसा इतका आवळतो की हवा जातच नाही किंवा अर्धवट जाते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून जागं करतो, आणि हे रात्रभर चालू राहतं. १९८१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की नाकावाटे थोड्या दाबाने सतत हवा सोडली तर घसा आतून उघडा राहतो. सीपॅप म्हणजे एवढंच. दाब सेंटीमीटर पाण्यात मोजतात आणि नेहमीच्या मशीनवर तो ४ ते २० च्या मधे असतो. एकच ठरलेलं प्रेशर देणारं मशीन असतं आणि गरजेप्रमाणे आपोआप कमी-जास्त करणारं असतं, त्या दुसऱ्याला एपॅप किंवा ऑटो म्हणतात.

आता एएचआय. हवेचा प्रवाह निदान १० सेकंद जवळपास बंद पडला तर तो अ‍ॅपनिया, आणि निदान १० सेकंद बऱ्यापैकी कमी झाला तर हायपॉप्निया. या दोन्हींची बेरीज करायची आणि तासांनी भागायचं. ५ च्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. पण स्लीप लॅबमधला एएचआय आणि घरच्या मशीनचा एएचआय ही तंतोतंत एकच गोष्ट नाही. लॅबमधे डोक्याला वायरी लावून झोप मोजतात, बोटाला ऑक्सिजनचा सेन्सर असतो. घरच्या मशीनला फक्त हवा किती गेली-आली ते कळतं, तुम्ही झोपलायत की जागे आहात ते कळत नाही. म्हणजे दोन तास तळमळत मास्क लावून पडलात तरी ते दोन तास भागाकारात धरले जातात आणि आकडा उगाच छान दिसतो. उलटही होतं. जागेपणी कूस बदलताना आपण एक मोठा श्वास घेतो आणि मग क्षणभर थांबतो, ते थांबणं १० सेकंदांच्या पुढे गेलं की मशीन त्यालाही अ‍ॅपनिया म्हणून टिक करतं.

आणखी एक, १० सेकंदांचा अ‍ॅपनिया असो की ५० सेकंदांचा, मोजणीत दोन्ही १ च. शरीराला मात्र त्यात फार फरक पडतो, त्यामुळे ग्राफवर इव्हेंटवर (म्हणजे मोजलेल्या प्रत्येक अ‍ॅपनियावर किंवा हायपॉप्नियावर) क्लिक केलं की किती सेकंदांचा होता ते दिसतं, ते बघायची सवय लावा.

सरासरी किती लपवते ते एका रात्रीवरून बघू. समजा ७ तास मास्क लावला, एकूण इव्हेंट २१, एएचआय ३. ॲप खुश, आपणही खुश. आता ग्राफ उघडला तर दिसतं की रात्री ११ ते पहाटे ४ जवळजवळ सपाट शांतता आहे, आणि पहाटे ४:१० ते ५:०० या ५० मिनिटांत १६ इव्हेंट एकाला एक लागून आलेत. त्या ५० मिनिटांचा हिशोब केला तर तासाला जवळजवळ १९ पडतात, म्हणजे मध्यम अ‍ॅपनिया, तोही नेमका पहाटे, जेव्हा आरईएम झोप म्हणजे स्वप्नांची झोप जास्त असते आणि स्नायू सगळ्यात ढिले पडलेले असतात. असा माणूस सकाळी डोकं जड घेऊन उठतो आणि त्याला सांगितलं जातं की तुमचा रिपोर्ट तर उत्तम आहे! त्यामुळे आकडा किती यापेक्षा तो कधी आणि कसा आला हे जास्त महत्त्वाचं आहे, माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

हे दिसणार कुठे, तर मोबाइल ॲपमधे नाही. ॲपचे मार्क वेगळ्या हेतूने दिलेले असतात. रेसमेड या मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या मायएअर ॲपमधे १०० पैकी ७० मार्क फक्त किती तास वापरलं याचे, २० मास्क नीट बसला का याचे, आणि इव्हेंट्सना जेमतेम ५. म्हणजे सात तास मास्क लावून झोपलात तर आत काय चाललंय त्याच्याशी फारसा संबंध न येता मार्क भरभरून मिळतात. नवीन माणसाला सवय लागावी म्हणून ते ठीक आहे, पण त्यावरून सेटिंग ठरवू नका. खरा डेटा मशीनमधल्या एसडी कार्डवर असतो. कार्ड आधीपासून आतच असलं पाहिजे, नसेल तर श्वासाच्या लाटांचा बारीक डेटा साठतच नाही. कॉम्प्युटरवर ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेता येतं, स्लीपीहेड नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवरून ते पुढे आलं. कार्ड काढल्यावर त्याच्या कडेचं छोटं लॉकचं बटण सरकवून मगच कॉम्प्युटरला लावा, नाहीतर कॉम्प्युटर त्यावर स्वतःच्या फायली टाकतो, आणि परत मशीनमधे घालताना लॉक आठवणीने काढा, नाहीतर त्या रात्रीचं काहीच लिहिलं जाणार नाही.

ग्राफ उघडल्यावर सगळ्यात आधी लीक. प्रेशर नाही, एएचआय नाही, लीक. कारण लीक खूप असेल तर मशीनला तुमचा श्वासच नीट दिसत नाही, मग इव्हेंट मोजायचे राहून जातात आणि एएचआय खोटा कमी येतो. एएचआय ०.८ पण लीक रात्रभर उंच, अशा रात्रीवर अजिबात विश्वास ठेवू नका.

लीक वाचताना कंपनी बघावी लागते. मास्कला मुद्दाम ठेवलेली बारीक भोकं असतात, त्यातून उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, ती कधीही बंद करायची नाहीत. रेसमेडची मशीनं ही मुद्दाम सोडलेली हवा वजा करून उरलेला लीक दाखवतात, तिथे शून्याच्या जवळ असणं चांगलं आणि मिनिटाला २४ लिटर ही लाल रेघ. फिलिप्सची मशीनं एकूण हवा दाखवतात, त्यामुळे तिथे ३० च्या आसपास दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे लोक मी पुष्कळ बघितलेत, त्यातून फक्त गोंधळ वाढतो.

लीकचा आकार पण बोलतो. एकदम टोकदार उंच सुळके, मधे शांत, तर साधारण कूस बदलताना मास्क हललाय. लीक वर जाऊन तिथेच सपाट पठारासारखा बराच वेळ राहतोय, मग एकदम खाली, परत वर, आणि सकाळी तोंडाला कोरड, तर नाकाचा मास्क असताना तोंड उघडं पडतंय असा संशय घ्या. प्रेशर वर जातं तेव्हाच लीक वर जातो असं दिसलं तर मास्क त्या प्रेशरला टिकत नाहीये. यावर लोक पट्टे करकचून आवळतात, आणि त्याने बहुतेक वेळा उलटंच होतं, कारण उशीसारखी मऊ कड चपटी होऊन तिची सील जाते. मास्क बसवायचा तो आडवं पडून, मशीन चालू करून, कुशीवर झोपत असाल तर कुशीवर होऊनच. चेहऱ्याचं तेल लागून कड निसटते म्हणून ती रोज धुवायची, आणि जुनी होऊन मऊ पडली की बदलायची. तोंड उघडत असेल तर आधी नाक मोकळं आहे का बघा, नाक चोंदलं असेल तर माणूस तोंडानेच श्वास घेणार, त्याचा काय दोष. ह्युमिडिफायर (हवेत ओलावा मिसळणारा भाग) वाढवून बघा, नाहीतर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. तोंडाला टेप लावायचा प्रकार करतात लोक, पण नाक बंद असेल किंवा उलटीचा त्रास असेल तर ते धोक्याचं आहे.

लीक ताब्यात आला की मग इव्हेंटचे प्रकार. ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणजे घसा बंद पडला. हायपॉप्निया म्हणजे अर्धवट. आणि एक असतो क्लिअर एअरवे, ग्राफवर बहुधा सीए म्हणून येतो. यात घसा उघडा आहे पण श्वास घ्यायचा प्रयत्नच झाला नाही. मशीनला हे कसं कळतं? श्वास थांबला की ते दाबाच्या बारीक लहरी किंवा छोटे धक्के आत पाठवतं आणि काय परत येतं ते बघतं, वाट मोकळी असेल तर प्रतिसाद वेगळा, बंद असेल तर वेगळा. हा अंदाज चांगला असतो पण अचूकच असेल असं नाही, आणि आधी म्हटलं तसं कूस बदलतानाचं थांबणं इथेच येऊन पडतं. म्हणून सीएवर झूम करून आधीच्या दोन मिनिटांतला श्वास बघा. गाढ झोपेत श्वासाच्या लाटा एकसारख्या ओळीने येतात, जागेपणी त्या वेड्यावाकड्या, लहान-मोठ्या. वेड्यावाकड्या लाटा, मग एक भला मोठा श्वास आणि मग सीए, असं दिसलं तर ते बहुधा जागेपण आहे, सोडून द्या.

हा फरक का महत्त्वाचा, तर उपाय उलटे आहेत. घसा बंद पडत असेल तर प्रेशर वाढवून फायदा होतो. सीए खरेच असतील तर प्रेशर वाढवून फायदा नाहीच, कधीकधी वाढतात सुद्धा, कारण काही लोकांचा श्वास मोकळा झाला की कार्बन डायऑक्साइड जरा जास्तच बाहेर पडतो आणि मेंदूला श्वास घ्यायची निकडच वाटत नाही. सीपॅप नवीन सुरू केल्यावर असे सीए थोडे दिसणं बऱ्याच जणांत होतं आणि काही आठवडे ते दोन-तीन महिन्यांत बहुतेकांचं आपोआप कमी होतं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सेटिंगशी झटापट करू नका. पण श्वास हळूहळू मोठा होत जातो, मग हळूहळू लहान होत थांबतो, परत मोठा, अशी लयबद्ध चढ-उतार रात्रभर दिसत असेल तर त्याला चेन-स्टोक्स म्हणतात आणि त्याचा हृदयाशी संबंध असू शकतो. तिथे घरगुती प्रयोग नको, थेट डॉक्टर. अशा लोकांसाठी एएसव्ही नावाचं वेगळं मशीन असतं पण तेही सरसकट चालत नाही, २०१५ साली सर्व्ह-एचएफ या अभ्यासात हृदयाची पंपिंग क्षमता कमी असलेल्यांमधे त्याने मृत्यू वाढल्याचं दिसलं होतं.

आता प्रेशर. ऑटो मशीन घरी येतं तेव्हा कित्येकदा ४ ते २० असंच उघडं ठेवलेलं असतं, मशीनच बघून घेईल म्हणून. अडचण अशी की मशीन घोरणं किंवा श्वासातली अडचण बघून मगच प्रेशर चढवतं, आणि चढायला वेळ लागतो. म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर छत्री शोधायला निघण्यासारखं आहे. ४ वर मोठ्या माणसाला पुष्कळदा हवा पुरत नाही, जीव घुसमटतो, ते वेगळंच.

ऑस्करमधे प्रेशरचे दोन आकडे बघा, मीडियन आणि ९५ टक्केवाला. मीडियन म्हणजे रात्रीचा निम्मा वेळ प्रेशर त्या आकड्याच्या आत होतं, आणि ९५ टक्के म्हणजे रात्रीचा ९५ टक्के वेळ प्रेशर त्या आकड्याच्या आत होतं (फिलिप्समधे ९० टक्के धरतात). समजा मिनिमम ४, मीडियन ८.२ आणि ९५ टक्के १०.६ आलं, आणि ऑब्स्ट्रक्टिव्ह इव्हेंट बरोबर तिथे आहेत जिथे प्रेशर खाली आलं होतं. तर मिनिमम ४ वर ठेवण्यात काहीच अर्थ नाही, ते टप्प्याटप्प्याने ७-८ कडे न्यायचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येतो. बऱ्याच लोकांचं घोडं इथेच अडलेलं असतं आणि मिनिमम नीट केलं की पहाटेचा तो सगळा पुंजका निघून जातो. मॅक्सिममचं काय? प्रेशरची रेघ मॅक्सिममला जाऊन चिकटली आणि तरीही ऑब्स्ट्रक्टिव्ह येतायत, तरच मॅक्सिमम कमी पडतंय. रेघ १२ च्या वर कधी गेलीच नाही तर मॅक्सिमम १५ असो की २०, काही फरक पडत नाही. हां, पोटात हवा भरून फुगत असेल, ढेकर येत असतील तर जास्त प्रेशर त्याचं कारण असू शकतं, तेव्हा मॅक्सिमम आवरावं लागतं.

उच्छ्वास सोपा व्हावा म्हणून श्वास सोडताना प्रेशर थोडं उतरवायची सोय असते, रेसमेडमधे ईपीआर, फिलिप्समधे फ्लेक्स. ईपीआर १, २, ३ असा असतो आणि तेवढे सेंटीमीटर उच्छ्वासात कमी होतात. याकडे फार लोक फक्त आरामाचं बटण म्हणून बघतात. पण प्रेशर ८ आणि ईपीआर ३ म्हणजे श्वास सोडताना ५ च उरलं, आणि घसा मिटायला सुरुवात नेमकी उच्छ्वासाच्या शेवटी होऊ शकते. म्हणून ईपीआर वाढवल्यावर ऑब्स्ट्रक्टिव्ह वाढले तर एकतर तो कमी करायचा किंवा मिनिमम तेवढंच वर न्यायचं. आणि प्रेशर ६ असताना ईपीआर ३ लावला तरी मशीन ४ च्या खाली जात नाही, मिळतो २ च. दुसरीकडे याच ईपीआरने काहींचा श्वास खूप मोकळा होतो, आणि काहींचे सीए वाढतात. त्यामुळे हा आपल्याला कसा मानवतो ते ग्राफ बघूनच कळतं.

रॅम्प म्हणजे सुरुवातीला कमी प्रेशर देऊन ते हळूहळू चढवायची सोय. त्याबद्दल थोडक्यात, ४५ मिनिटं ४ वर रॅम्प ठेवला आणि तुम्ही १० मिनिटांत झोपलात तर उरलेला वेळ कमी प्रेशरवर गेला. ऑटो रॅम्प (झोप लागल्याचं ओळखून मग प्रेशर चढवणारा) असेल तर तो लावा, नाहीतर सुरुवातीचं प्रेशर वाढवा.

इव्हेंट पुंजक्याने येत असतील तर प्रेशरच्या आधी झोपायची पद्धत बघा, हे मी जरा जोर देऊन सांगतो. पाठीवर झोपल्यावर जीभ मागे पडते. उंच उशीमुळे हनुवटी छातीकडे वळते आणि घसा दुमडतो, ते कितीही प्रेशर दिलं तरी सुटत नाही. ग्राफवर हे असं दिसतं की मधेच २०-३० मिनिटं इव्हेंट दाटीवाटीने, प्रेशर वर चढतंय पण इव्हेंट थांबत नाहीत, आणि मग एकदम सगळं शांत, कारण कूस बदलली. उशी पातळ करून, कुशीवर झोपून बघणं यात काही जोखीम नाही. दारू घेतलेली रात्र, झोपेची गोळी घेतलेली रात्र, सर्दीची रात्र, या वेगळ्या लिहून ठेवा, त्यावरून सेटिंग बदलायचं नाही.

आणि एएचआय १ च्या आत, लीक नाही, पुंजके नाहीत, तरी दिवसा डोळ्यांवर झापड? मग फ्लो लिमिटेशनचा ग्राफ उघडा. चांगला श्वास आत घेतानाची लाट वर गोलसर असते. घसा अर्धवट आवळला की तिचा माथा चपटा होतो किंवा त्याला दोन टोकं येतात. हे १० सेकंदांच्या नियमात बसत नाही म्हणून एएचआयमधे येत नाही, पण श्वासासाठी सतत ताकद लावावी लागते आणि झोप तुटत राहते. तेही नसेल तर मुळात झोपेचे तास किती मिळतायत ते बघा, थायरॉइड, लोह, चालू औषधं, नैराश्य यांची तपासणी करून घ्या, सगळा दोष मशीनवर टाकू नका. रात्रभर रेकॉर्ड करणारा ऑक्सिमीटर मिळाला तर एक-दोन रात्री लावा. एएचआय चांगला असूनही ऑक्सिजन बराच वेळ ८८ टक्क्यांच्या खाली राहत असेल तर ती घरी सोडवायची गोष्ट नाही.

बदल करायचाच तर एका वेळी एकच. मिनिमम पण वाढवलं, ईपीआर पण बदलला, मास्क पण नवा, मग कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. अर्धा किंवा एक सेंटीमीटर, मग निदान आठवडाभर तसंच ठेवायचं, कारण एक रात्र आणि दुसरी रात्र यांच्यात नुसताही बराच फरक पडतो. तारीख, जुनं सेटिंग, नवं सेटिंग आणि सकाळी कसं वाटलं हे लिहून ठेवायचं. रॅम्प, ह्युमिडिफायर, मास्क, उशी हे आपल्या हातात आहे. प्रेशरची रेंज बदलायची तर डॉक्टरांना विचारून. आणि ज्यांना हार्ट फेल्युअर आहे, फुप्फुसाचा मोठा आजार आहे, किंवा जे अफूजन्य वेदनाशामक औषधं घेतायत, त्यांनी प्रेशरला स्वतः हात लावूच नये.

डॉक्टरांकडे जाताना नुसतं झोप नीट होत नाही असं सांगू नका. ऑस्करमधून एका वाईट रात्रीचा आणि एका बऱ्या रात्रीचा असे दोन स्क्रीनशॉट न्या, ज्यात इव्हेंट, फ्लो, प्रेशर, लीक आणि फ्लो लिमिटेशन एकाखाली एक दिसतायत, आणि वाईट रात्रीतला पुंजका जवळून दाखवणारा तिसरा, साधारण दहा मिनिटांचा.